स्टिअरिंगपुढची रिकामी ओळ

३१ मार्च, सोमवार

ट्युलिपच्या बागा दाखवतो म्हणून बोलावलं आणि दाखवलं काय, तर भंगार! पंधरा तास विमानात पाय दुमडून बसले, पाडवा वर ढगातच गेला, तोंडात कडुलिंबाचं पान पडलं नाही, आणि हा माझा शिकलेला भाऊ अजित मला घरात न्यायच्या आधी गॅरेजात घेऊन गेला. म्हणे आक्का, आधी हे बघ. मी म्हटलं, बाबा, आधी मला मोरी दाखव, मग काय ते दाखव.

त्याची बायको हिमानी हसून हसून भिंतीला टेकली. पुण्याची असली तरी पोरगी बरी आहे. ही वही तिनंच दिली. विमानतळापासून घरापर्यंत माझं जे तोंड चाललं होतं ते ऐकून म्हणाली, आक्का, रोज एवढं आमच्यावर काढण्यापेक्षा थोडं वहीवर काढत जा. बरं, काढते. चौथी शिकले आहे. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण लिहिता येतं.

घर मात्र झकास. न्यूनेन म्हणून गाव आहे, शांत, एक कुत्रं भुंकत नाही. अजितची कंपनी जवळच आइंडहोवनला. घराला रस्त्याच्या बाजूनं भिंतीएवढी काच आणि पडदा नाही. इथं कुणी पडदे लावतच नाही म्हणे. सायकलवरनं जाणारा तुमच्या ताटातली भाजी बघून जातो आणि वर हात हलवतो. समोरच्या म्हातारीनं संध्याकाळपर्यंत चारदा हात हलवला. मीही हलवला, आपलं काय जातं. टपालाला दारातच एक आडवी फट आहे, त्यातनं कागद थेट पायपुसण्यावर पडतात.

सलोनी, माझी भाची, नऊ वर्षांची झाली. गळ्यातच पडली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. आत्या आली की तिला बाराखडी शिकवायची असं ठरलंच होतं. उद्यापासून धरते.

पिठलं-भात जेवलो. बरं वाटतंय. भंगाराचा राग तेवढा गेला नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज गाडी नीट बघितली आणि राग निम्मा उतरला. मला भंगार दाखवायचं म्हणजे दारुड्याला गुत्ता दाखवल्यासारखं आहे. मालकांचं आणि माझं कोल्हापुरात उद्यमनगरला सत्तावीस वर्षं गाड्या तोडायचं यार्ड होतं. मालक गेले, यार्ड गेलं, दोन वर्षं नुसती बसून आहे. अजितला ते ठाऊक आहे. म्हणून बोलावलंय, ट्युलिप निमित्त.

गाडी १९३२ सालची अमेरिकन फोर्ड. टप कापून बुटकं केलेलं, बॉनेट काढून टाकलेलं, इंजिन उघडं नागडं. याला म्हणे हॉट रॉड म्हणतात. जुन्या सांगाड्यात दहा गाड्यांचे पार्ट घालायचे आणि पळवायची. मी म्हटलं, आमच्याकडे याला जुगाड म्हणतात आणि आरटीओ उचलून नेतो.

हेल्मंडच्या पलीकडं एक खेडं आहे, तिथल्या म्हाताऱ्यानं तीस वर्षं खपून ही बनवली. तो गेल्या हिवाळ्यात वारला, त्याच्या मुलीनं अजितला विकली. कागद मुलीच्या नावाचे. आता २६ तारखेला राजाच्या वाढदिवसाचा सण, सगळं गाव भगवं होऊन नाचतं, आणि जुन्या गाड्यांची फेरी निघते. क्लबवाले प्रत्येक पार्टची फाइल मागतात. कुठला पार्ट, कुठल्या गाडीतनं आला. अजितला नेटवर काही सापडेना, तेव्हा आक्का आठवली. फेरीत सलोनी त्याच्या शेजारी बसणार. भगवा फ्रॉक आणून ठेवलाय.

६ एप्रिल, रविवार

चार दिवस गाडीखाली. अंगाला ग्रीसचा वास लागला, बरं वाटलं. अजितला वाटतं नंबर वाचता आले की पार्ट कळतो. नंबर खोटे पाडतात, लेका. हात फिरवावा लागतो. इंजिन मालाच्या गाडीतलं आहे, ओझं ओढून ओढून पट्टे बसलेत. उजवं दार या गाडीचं नाहीच, बिजागरीची भोकं भरून परत पाडलीत. सीट कुठल्यातरी लहान गाडीची मागची, दोघींनी वर्षानुवर्षं त्याच जागी बसून दोन खळगे पडलेत. दोघींनी म्हणते, कारण शिवणीत डोक्याच्या पिना सापडल्या.

स्टिअरिंगचं चाक मात्र कळत नाही. काळं, जाड, आणि दोन बाजूंना हाताच्या घासानं असं झिजलंय, जशी देवळाची पायरी. एकाच माणसाचे हात. पन्नास वर्षांचे तरी.

एक आहे. सकाळी बघावं तर गाडीच्या काचांवर आतनं वाफ धरलेली असते. बंद गाडी, आत कुणी नाही. अजित म्हणतो दमट हवा. असेल. आणि आतला आरसा मी रोज सरळ करते, तो रोज मागच्या बाजूला वळलेला.

सलोनी बाराखडीला बसते, पण ढुंगणाला काटे. सहा दिवसांत अ ते ई, आणि ई उलटी काढते.

१० एप्रिल, गुरुवार

सीट खोलली तर खाली म्हाताऱ्याची वही सापडली. तेलानं काळी झालेली. अजित ऑफिसात, हिमानी ऑफिसात. सलोनीला शाळेतनं आल्या आल्या बसवलं आणि म्हटलं वाच. ती डच वाचते आणि अर्धं इंग्रजी, अर्धं हातवारे करून सांगते. असं करत करत तासभर गेला, पण सगळं निघालं.

म्हाताऱ्याचंही यार्ड होतं, माझ्यासारखंच. प्रत्येक पार्टपुढं त्यानं माणसाचं नाव लिहिलंय. इंजिन, कोर. फुलांची गाडी चालवायचा, पहाटे डोळा लागला आणि गाडी कालव्यात. सीट, रिया आणि तोस, सख्ख्या बहिणी, पुतणीच्या लग्नाला निघालेल्या, रेल्वे फाटकावर. उजवं दार, बास, एकोणीस वर्षांचा, सैन्यातनं सुट्टीवर घरी येत होता. आणि प्रत्येकापुढं कुठं निघाला होता तेही लिहिलंय. बाजारात. लग्नाला. घरी.

वाचता वाचता पोरगी हळू झाली. मी म्हटलं, बास कर, जा खेळायला.

शेवटची ओळ स्टिअरिंगची आहे. त्यापुढं काही नाही. नाव नाही, गाव नाही. रिकामी.

सगळे मेलेल्यांचे पार्ट. एकही साधा नाही. मुद्दाम गोळा केलेत.

११ एप्रिल, शुक्रवार

वहीत लिहून ठेवते, म्हणजे अजितनं कधी वाचलं तर मी काय बोलते ते त्याला कळेल.

आमच्या लायनीत माणूस मेलेली गाडी यार्डात आली की तिला आधी पाना लागत नाही. गाडी ढकलून फाटकात आणायची, तोंड रस्त्याकडं. फाटक सताड उघडं. गाडीची सगळी दारं उघडी. पंचनाम्यातनं नाव काढून ठेवलेलं असतं. चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि घरच्या बाईनं नाव घेऊन म्हणायचं, उतरा आता, गाव आलं. मग पाठ करून एक कप चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत मागं बघायचं नाही. बस. जो अचानक जातो त्याला प्रवास संपल्याचं कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो बसून राहतो. मालक म्हणायचे, बिचाऱ्याला स्टँडवर उतरवून दिलं की तो त्याच्या वाटेनं जातो.

नाव मिळालं नाही तर गाडी तोडायची नाही. सगळीच्या सगळी भट्टीला द्यायची. सत्तावीस वर्षांत आम्ही हे एकदाही चुकवलं नाही.

या म्हाताऱ्यानं नावं लिहिली, पण उतरवलं कुणालाच नाही.

१३ एप्रिल, रविवार

अजितशी कडाक्याचं भांडण. मी सांगितलं, आधी सगळ्यांना उतरवू, मग पोरीला बसव. तो हसला. म्हणाला आक्का, हे युरोप आहे. मी म्हटलं, युरोपात माणसं मरत नाहीत काय? तो म्हणाला पोरीच्या डोक्यात हे भरू नकोस. मी म्हटलं, पोरीनंच वाचून दाखवलंय. तिथं हिमानी मधे पडली आणि तिचंही बरोबरच होतं, पोरगी दोन दिवस नीट जेवली नव्हती.

मीही काय कमी आहे. म्हटलं, ठेवा तुमचं घर, मी रायस्वाइकला शिवांगीकडं जाते. शिवांगी म्हणजे माझी आतेजाऊ, बोलावतेच आहे. अजित म्हणाला, जा, तुझं हे नेहमीचंच, मागं सांगलीला आठ दिवस न सांगता जाऊन बसली होतीस. खरं आहे ते.

शेवटी त्यानं एवढं कबूल केलं की स्टिअरिंग कुणाचं ते म्हाताऱ्याच्या मुलीला फोन करून विचारीन.

१५ एप्रिल, मंगळवार

दुपारी भाजी निवडत होते. सलोनी कुठं म्हणून बघितलं तर गाडीत. उजवं दार उघडून सीटवर एका कडेला बसलेली, पाय हलवत. मी ओढून बाहेर काढली. रडली. मी विचारलं, अशी कोपऱ्यात का बसली होतीस, सगळी सीट मोकळी असताना? तर म्हणाली, त्या दोघी सरकल्या ना, जागा द्यायला.

हे तिनं मराठीत सांगितलं. पहिल्यांदाच.

१७ एप्रिल, गुरुवार

इथं उद्यापासून ईस्टरची सुट्टी. तिघं नायमेखनला निघालेत, अजितच्या मित्राकडं, सोमवारी रात्री येतील. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. अजितला कळलं असावं. हिमानीनं डबे भरून ठेवलेत.

आता नाही केलं तर कधी करू देणार नाही. चार नावं आहेत माझ्याकडं. पाचव्याचं बघू.

१९ एप्रिल, शनिवार

आज केलं.

आधीच लिहिते, जसं करायचं तसं झालं नाही. शटरचं बटण अजितच्या किल्लीला, किल्ली नायमेखनला. हातानं उचलायला गेले, ढिम्म हललं नाही. गाडी त्यानं नेहमीप्रमाणं तोंड घराकडं करून लावलेली. मला वळवता येणार नाही. उद्यमनगरात असते तर चार माणसांना हाक मारली असती. इथं हाक कुणाला मारू, समोरच्या म्हातारीला? ती हात हलवेल.

मला थांबायची सवय नाही. मालक कायम म्हणायचे, तुझ्या घाईनं एक दिवस बोट जाईल. मी म्हटलं, दार ते दार. गॅरेजातनं स्वयंपाकघरात यायचं दार आहे, ते उघडं ठेवलं. लिंबू ठेवलं. गाडीची दोन्ही दारं उघडली. कोर, उतरा आता, गाव आलं. रिया, उतरा. तोस, उतरा. बास, उतर बाळा, घर आलं. स्टिअरिंगपाशी आले आणि नुसतंच म्हटलं, तुम्ही कोण असाल ते, तुम्हीपण उतरा.

मग पाठ केली आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून चहा प्यायले. ओट्यापाशी. म्हणजे दाराच्या या बाजूला. हे तेव्हा डोक्यात आलं नाही. उघडं दार एकच होतं, आणि ते घरात येत होतं.

चहा पिताना गाडीच्या स्प्रिंगा वाजल्या. वजन उतरल्यावर वाजतात तशा. मोजल्या. चार वेळा.

पाचव्यांदा वाजल्या नाहीत.

२० एप्रिल, रविवार

सकाळी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढून बसल्यासारख्या तिरक्या. पावडरचा आणि केसांच्या फवाऱ्याचा वास, लग्नाच्या हॉलमध्ये येतो तसा. फ्रिज उघडा, दुधाचा खोका रिकामा. सैन्यातनं आलेलं पोर आधी दूधच पिणार. बोळात पाणी, आणि पाण्यात फुलाचा एक देठ. ट्युलिपचा असेल. बघितला एकदाचा.

मी मोठ्यानं म्हटलं, हे तुमचं गाव नव्हे, चुकलं माझं, चला बाहेर. पुढचं दार उघडायला गेले. कडी वर उचलून किल्ली फिरवायची असते. फिरवली. दार हललं नाही. मागचं नाही. गॅरेजचंही नाही. ते तर मी उघडं ठेवलं होतं.

अजितला फोन लागत नाही. मेसेज लिहिला. एक टिक.

२१ एप्रिल, सोमवार

मोठ्या काचेवर आतनं वाफ धरली आहे. बाहीनं पुसली. समोरची म्हातारी दिसली. दोन्ही हातांनी काच बडवली. ओरडले. तिनं हात हलवला. कुत्रं फिरवणाऱ्या माणसानं हलवला. सायकलवरच्या दोन पोरींनी हलवला. सगळी चांगली माणसं.

पाट्यावरचा वरवंटा असता तर काच फोडली असती. इथं मिक्सर आहे. तो मारला. मिक्सर फुटला.

पुढच्या खोलीतली काचेजवळची खुर्ची बाहेर तोंड करून आहे. तिच्यावर कुणीतरी बसलंय. मागनं टोपी दिसते, मानेवरचे पांढरे केस. दोन्ही हात समोर धरलेले. दहा वाजून दहा मिनिटं होतात तसे.

पुढं जाऊन तोंड बघायचं धाडस नाही.

२१ एप्रिल, संध्याकाळ

चहा केला. हाताला काम पाहिजे म्हणून. कप टेबलावर ठेवला तर चहा कपात एका बाजूला कलला. घर सरळ, टेबल सरळ. मग दुसऱ्या बाजूला.

वळणावर कलतो तसा.

काच पुसून बघितलं. म्हातारीचं घर नाही. कुंपणाची झुडपं आहेत. झुडपं मागं जात आहेत. हळूहळू.

चौघं उतरले. चालवणारा उतरला नाही. मग गाडी थांबेल कशी.

२२ एप्रिल, मंगळवार

फोनवर अजितचा मेसेज आला. लिहितो, आम्ही काल रात्री पोचलो, तू दिसत नाहीस, राग धरून शिवांगीकडं गेलीस ना? निदान कळवायचं तरी.

अरे, मी घरात आहे. मी इथंच टेबलापाशी आहे. तुम्ही आला असाल तर कुठल्या घरात आलात?

लिहिलं. एक टिक.

स्वेटरचं बटण तोडलं, टपालाच्या फटीतनं बाहेर टाकलं. पडल्याचा आवाज आला. सिमेंटवर पडल्यासारखा.

२३ एप्रिल, बुधवार

मेसेज. तुझ्या स्वेटरचं लाल बटण गॅरेजात गाडीखाली सापडलं. काल झाडून घेतलं तेव्हा नव्हतं. लिंबूपण होतं. केलंस ना शेवटी तुझ्या मनासारखं? हिमानी नाराज आहे. पण शनिवारी फेरी बघायला ये. शिवांगीचा फोन लागत नाही, तिला सांग.

गाडीखाली.

बाहेर जे पडतं ते गाडीखाली पडतं.

दुपार. काचेवर बाहेरनं कुणीतरी घासलं. वाफ आतनं, तरी तिच्यात गोल पडला. गोलात डोळा. एवढा मोठा, अख्ख्या काचेएवढा. सलोनीचा. मागं सरकली तेव्हा चेहरा दिसला, बाहीला भगवं कापड. फ्रॉक घालून बघत असणार.

तिनं मला बघितलं. शपथ.

वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं, अजितला बोलाव, शटर उघड. काचेला लावलं. पोरीनं बोट ठेवलं. पहिल्या अक्षरावर. अ. हसली. पुढच्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. तिला अ ते ई येतं. मी तिला ई पर्यंतच शिकवलं.

ती पळत गेली. मग अंधार झाला. गॅरेजातला दिवा घालवला असेल.

२३ एप्रिल, नंतर

मेसेज. सलोनी म्हणते आत्या गाडीत बसली आहे. मी उघडून बघितलं, कोणी नाही. तू तिच्या डोक्यात काय भरवून गेलीस आक्का? पोरगी ऐकत नाही, आत्याजवळच बसायचं म्हणते.

आणि खाली, तू विचारायला सांगितलं होतंस म्हणून म्हाताऱ्याच्या त्या मुलीला फोन केला. ते स्टिअरिंग तिच्या वडिलांचंच. विशीपासून प्रत्येक गाडीला तेच काढून लावायचे. आणि एक गोष्ट तिनं विकताना सांगितली नव्हती. ते या गाडीतच गेले, शेडमध्ये, सीटवर. दोन दिवसांनी सापडले. तुला सांगणार नव्हतो, पण आता काय.

म्हणजे वही लिहिणाऱ्यानं सगळ्यांची नावं लिहिली. स्वतःचं कोण लिहितं.

अजितनं नाव लिहिलेलं नाही. वडील म्हणाली, वडील लिहिलं.

२४ एप्रिल, गुरुवार

आता घर जोरात जातंय. भिंतीला धरून चालावं लागतं.

रिया आणि तोस आता दिसतात. मागच्या कोचावर. टोप्या, हातमोजे. बोलत नाहीत. काल दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आज सरकल्यात. मधे जागा केली आहे. माझ्याएवढी नाही. लहान —

परवा शनिवार.

अजित, ही वही फटीतनं टाकते आहे. गाडीखाली मिळेल. मराठी आहे, तू वाच नाहीतर हिमानीनं, दुसऱ्या कुणाला येणार नाही. चुकले मी. दार उलटं धरलं. त्याची माफी मागते, पण ती नंतर. आधी सांगते ते कर, आणि हसू नकोस.

पोरीला गाडीत बसवायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. फोटोलासुद्धा नाही.

त्या मुलीला परत फोन कर. म्हाताऱ्याचं नाव विचार. वडील नको, आजोबा नको, नाव. शटर वर कर. चार माणसं बोलाव, गाडी वळव, तोंड रस्त्याकडं. दोन्ही दारं उघड. घराचं दार बंद. आधी त्याचं नाव, म्हणजे गाडी थांबेल. मग कोर, रिया, तोस, बास, परत एकदा, नीट. मग माझं.

तू जन्मात माझं नाव घेतलं नाहीस. आक्काच म्हणालास. पोरगी आत्या म्हणते. आता पहिल्यापासून पानं चाळली, मीसुद्धा या वहीत माझं नाव कुठं लिहिलेलं नाही. आक्का म्हणून मी उतरणार नाही. नाव घे. थोरली आहे म्हणून लाजू नकोस. मग पाठ कर आणि चहा पी. सावकाश पी. माझ्यासारखी घाई —

मला उत्तर पाहिजे. उद्या, शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या आत. त्याचं नाव गाडीच्या काचेवर लिही, मोठ्या अक्षरात, मी आतनं वाचीन. उद्या सहा. शनिवार उजाडला तर —

काचेच्या वर आरसा आहे. काल नव्हता. खुर्चीतल्यानं हात वर केला. आरसा वळवतोय, मागं, माझ्याकडं. अजित, उद्या सहाच्या आत, त्याला आता दिसतंय की मी लिहि—